एका ठिपक्यात एक गुंठा

निकाल लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. यंदा जीआयएसबद्दल विचारणारी पत्रं बरीच आहेत. जीआयएस म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली. नकाशावरच्या रेषेला, ठिपक्याला, जमिनीच्या तुकड्याला माहितीची जोड द्यायची आणि त्यातून एखाद्या प्रश्नाचं उत्तर काढायचं, असं हे काम. मी त्यात २४ वर्षं आहे. सुरुवातीची सहा वर्षं पुण्यातल्या एका कंपनीत स्क्रीनवर नकाशे गिरवले, त्यानंतर आजवर पाणलोट आणि भूजलाची कामं केली. पाच पत्रांना उत्तरं देते आहे. पहिलं जरा लांबलंय, पण ते सगळ्यांनीच वाचावं असं वाटतं.

ताई, मी बीए भूगोलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुण्यातल्या एका क्लासने सहा महिन्यांच्या जीआयएस कोर्सची फी ४५ हजार सांगितली. घरी चार एकर कोरडवाहू शेती आहे. पैसे भरावेत का? बीएवाल्यांना या क्षेत्रात कोणी घेतं का? – एक विद्यार्थिनी, मंगळवेढा

भरू नकोस. निदान आत्ता तरी नको.

क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे. मी स्वतः रोज त्यावरच काम करते. ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप त्याला पुरतो. डेहराडूनला इस्रोची भारतीय सुदूर संवेदन संस्था आहे. सुदूर संवेदन म्हणजे उपग्रहासारख्या साधनाने दुरून केलेली पाहणी. ती घरबसल्या करता येणारे विनामूल्य कोर्स घेते, प्रमाणपत्रही देते. आधी ते कर. नंतर शिकवणीची गरज वाटलीच, तर नेमकं काय शिकायचं राहिलंय ते तुला कळलेलं असेल.

पण नुसतं सॉफ्टवेअर येणाऱ्या मुली-मुलांची रांग मोठी आहे. मुलाखतीला बसते तेव्हा मी एकच बघते: या मुलीने एखादा प्रश्न शेवटापर्यंत नेलाय का? तुझ्याकडे असा प्रश्न दाराशीच आहे. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. त्या काळ्या रानात गेल्या काही वर्षांत ज्वारी किती राहिली आणि ऊस किती शिरला? तुझ्याच मंडळातली दहा गावं घे आणि याचं उत्तर काढ.

युरोपचे सेंटिनेल-२ नावाचे उपग्रह आहेत. त्यांची चित्रं कोणालाही फुकट मिळतात आणि साधारण दर पाच दिवसांनी नवं चित्र येतं. त्यांच्या चित्रातला एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, जमिनीवर १० मीटर बाय १० मीटरचा असतो. आता तुझ्या वडिलांना विचार, गुंठा म्हणजे किती? ३३ फूट बाय ३३ फूट. आपल्याकडच्या मोजणीची जुनी साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ फूट म्हणजे १०.०६ मीटर. म्हणजे आकाशातून दिसणारा एक ठिपका म्हणजे जवळजवळ एक गुंठा, ४० ठिपके म्हणजे एक एकर. वडिलांची चार एकर त्या चित्रात १६० ठिपके भरतील. पहिल्यांदा हा हिशेब लागला तेव्हा मी स्क्रीनसमोरून उठून आईला फोन केला होता.

आता ज्वारी आणि ऊस वेगळे कसे काढायचे? हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश जोरात परत पाठवतं. या दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज केली की हिरवाईचा आकडा मिळतो. त्याला एनडीव्हीआय म्हणतात. रब्बी ज्वारी डिसेंबर-जानेवारीत हिरवीगार असते, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होते आणि एप्रिलमध्ये रान मोकळं पडतं. ऊस एप्रिलमध्येही हिरवाच. म्हणजे जानेवारीचं एक आणि एप्रिल-अखेरचं एक अशी दोन चित्रं लागतील. दोन्हीकडे हिरवं ते बहुधा ऊस. जानेवारीत हिरवं आणि एप्रिलमध्ये उघडं, ते ज्वारी-हरभऱ्यासारखं रब्बी पीक.

यात चुकायच्या जागा आहेत, त्या आधीच सांगते. द्राक्षबागेची खरडछाटणी एप्रिलमध्ये होते, त्यामुळे बागही तेव्हा उघडी दिसते आणि ज्वारीत मोजली जाते. डाळिंबाच्या दोन ओळींमधली माती दिसते, तिथे आकडा अर्धवट येतो. बांधावरचा ठिपका दोन शेतांत वाटलेला असतो. म्हणून साठ-सत्तर शेतांत स्वतः जा. मोबाइलचं जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं, तेव्हा बांधावर उभी राहून नोंद घेऊ नकोस, रानाच्या मध्ये जा. मालकाला विचार: यंदा काय, गेल्या साली काय, बोअर कधी घेतली. हे सगळं वहीत लिही. निम्मी शेतं वर्गीकरण करायला, म्हणजे कोणता ठिपका कोणतं पीक ते ठरवायला, वापर आणि निम्मी आपलं उत्तर तपासायला राखून ठेव. जिथे चुकली असशील, तेही अहवालात लिही. २०१७ ची आणि यंदाची चित्रं अशी लावलीस की तुझ्याकडे दहा पानांचा अहवाल आणि चार नकाशे तयार होतील. पुणे विद्यापीठात एमएस्सीला जा, पाणलोटाच्या संस्थेत जा, खासगी कंपनीत जा. ती दहा पानं सोबत ने. बीएची मुलगी म्हणून तुला कोणी मागे बसवणार नाही.

आयटीआय सर्व्हेअर झालोय. वय २१. सरकारी नोकरी हवी आहे, पण भरती निघेपर्यंत काय करू? – एक वाचक, हिंगणघाट

भूमी अभिलेख खात्याच्या भूकरमापक पदासाठी आजवर दहावीनंतर आयटीआय सर्व्हेअर किंवा स्थापत्य पदविका चालत आली आहे. तुझी पात्रता आहे. जाहिरातीवर नजर ठेव. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रात प्रकल्पांवर कंत्राटी जागा निघतात. नोकरी कायमची नसते, पण तिथे शिकायला मिळतं ते मोलाचं असतं.

मधल्या काळात ड्रोन शीक. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे वय १८ पूर्ण आणि दहावी पास असलं की मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेऊन पायलटचं प्रमाणपत्र काढता येतं. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने होते, रस्ते आणि खाणींच्या कामातही ड्रोन लागतो. मात्र ड्रोन उडवणारे आता पुष्कळ झालेत. जमिनीवर चुन्याच्या खुणा करून त्यांचे अचूक बिंदू घेणारा आणि आलेल्या फोटोंचा नकाशा नीट जुळवणारा माणूस कमी सापडतो. तू तो हो. टोटल स्टेशन, म्हणजे अंतर आणि कोन मोजायचं यंत्र, तुला येतंच.

आणखी एक, तुझ्या भागासाठी खास. महाराष्ट्र नकाशाच्या दोन पट्ट्यांत विभागलेला आहे. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला यूटीएम या नकाशा-पद्धतीचा ४३ क्रमांकाचा पट्टा, पूर्वेला ४४. अमरावती ४३ मध्ये येते, वर्धा, हिंगणघाट आणि नागपूर ४४ मध्ये. पुण्यात शिकून आलेली मुलं विदर्भातही ४३ ठेवतात आणि क्षेत्रफळ चुकवतात. मुलाखतीत हे सांगता आलं, तर समोरच्याला कळेल की तू काम केलंयस.

बीई झालो. दोन वर्षं रात्रपाळीत परदेशातल्या गॅस आणि केबलच्या लाइन गिरवतोय. आठवड्याचं टार्गेट, बाकी काही नाही. यातून पुढे काही आहे का? – एक वाचक, पुणे

मी तिथे सहा वर्षं काढली आहेत, त्यामुळे तुझ्या पत्रातली ओळ न् ओळ समजली. त्या खुर्चीतून आपोआप वर जायला जिना नाही. तो आपणच बांधावा लागतो.

तुझ्याकडे दोन गोष्टी आहेत. एक, अचूकतेची सवय. रेषा जोडली न गेल्याने जाळं कसं तुटतं ते तुझ्या बोटांना ठाऊक आहे. दुसरी, बीई. रोज जी चूक शंभरदा हाताने दुरुस्त करतोस, ती शोधणारी वीस ओळींची पायथन स्क्रिप्ट लिही. मग पोस्टजीआयएस शीक, म्हणजे नकाशा डेटाबेसमध्ये ठेवून त्याला प्रश्न विचारता येतात. कोणत्या व्हॉल्व्हपासून ५० मीटरच्या आत शाळा आहे? कोणता पाइप कुठेच जाऊन मिळत नाही? हे सगळं मोफत आहे. एक पथ्य मात्र पाळ: कंपनीचा डेटा घरी नेऊ नकोस, सरावासाठी ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांना खुल्या नकाशावरून आपल्या शहराचे रस्ते घे.

१५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्राने नकाशांचे नियम सैल केले. भारतीय कंपन्यांना नकाशे करायला पूर्वीसारखी परवानगी लागत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरण आलं. परदेशी लाइन गिरवण्यापलीकडचं काम आता देशातच आहे: पाणीपुरवठा, पीकविमा, मालमत्ता कर, माल पोचवणाऱ्या कंपन्या. त्यांना गिरवणारा नकोय, डेटाची घडी बसवणारा हवाय. सहा महिने रोज एक तास दे. आणि शक्य झालं तर रात्रपाळी सोड. तब्येत गेली की शिकायची उमेदही जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

एमएस्सी भूशास्त्र करते आहे. तळिये आमच्या तालुक्यातलं. दरडींवर संशोधन करायचं आहे, पण सर म्हणतात पावसाळ्यातली उपग्रहचित्रं ढगांमुळे मिळत नाहीत. परदेशात जावं का? – एक विद्यार्थिनी, महाड

सर म्हणतात ते साध्या चित्रांपुरतं खरं आहे. माळीणची दरड ३० जुलै २०१४ ची, तळियेची २२ जुलै २०२१ ची, इरशाळवाडीची १९ जुलै २०२३ ची. सगळ्या तारखा ऐन पावसातल्या, सह्याद्री ढगात असतानाच्या. पण रडार ढगांतून बघतं, रात्रीही बघतं. ३० जुलै २०२५ ला, माळीणच्या घटनेला बरोबर ११ वर्षं झाली त्या दिवशी, श्रीहरिकोट्याहून निसार उपग्रह सुटला. इस्रो आणि नासाने मिळून तो केला आहे. दर १२ दिवसांनी तो त्याच जागेवर परत येतो. त्याच्या दोन रडारांपैकी एकाची लहर साधारण २४ सेंटिमीटर लांबीची आहे. आधीच्या सेंटिनेल-१ या युरोपच्या रडार उपग्रहाची लहर साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास, ती झाडीच्या पानांवरच अडखळते. लांब लहर पानांमधून खालच्या जमिनीपर्यंत पोचते. दोन फेऱ्यांमधला फरक काढला, तर जमीन काही सेंटिमीटर सरकली तरी कळू शकतं.

आता तुझा प्रश्न इथे आहे. आपल्या दरडी एका रात्रीत येतात. पण त्याआधी काही आठवडे, काही वर्षं तो उतार हळूहळू सरकत असतो का? काही जागी भेगा आधी दिसतात, काही जागी काहीच दिसत नाही. उभ्या कड्यांवर रडारचंही चित्र विकृत होतं, काही उतार सावलीत जातात. महाड-पोलादपुरातले कोणते उतार रडारला दिसतात आणि कोणते दिसत नाहीत, एवढंच नीट मांडलंस तरी प्रबंध होईल, आणि तो उपयोगाचा असेल. वाड्यांवर जा, घराच्या मागे झरा नव्याने फुटला का, झाडं कलली का, विचार. तुझी भूशास्त्राची नजर तिथे लागेल.

मार्ग दोन आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी यूपीएससीची कंबाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा. दरडप्रवण भागांचे नकाशे हे त्यांचं कामच आहे. किंवा पीएचडी: पवईच्या आयआयटीत या विषयाचं स्वतंत्र केंद्र आहे. गेटमध्ये २०२२ पासून जिओमॅटिक्सचा वेगळा पेपर आहे, तो बघ. परदेशात नेदरलँड्समधली एन्स्खेडेची आयटीसी ही संस्था या विषयात नावाजलेली आहे. म्युन्स्टर, लिस्बन आणि कास्तेयॉन या तीन विद्यापीठांच्या संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमाला इरास्मस मुंडुस शिष्यवृत्ती मिळू शकते. जा, जरूर जा. पण एक पावसाळा तालुक्यात काम करून मग जा, म्हणजे तिथे कोणाचा तरी उरलेला विषय घ्यावा लागणार नाही.

मुलीला जीआयएसमध्ये नोकरी लागतेय, पण महिन्यातले दहा दिवस खेड्यापाड्यांत फिरायचं आहे. मन धजत नाही. – एक आई, कोरेगाव

तुमची काळजी खरी आहे. कंपनीला तीन गोष्टी स्पष्ट विचारा: सोबत दुसरं माणूस असतं का, गाडी कोणाची, मुक्काम कुठे. उत्तरं चाचरत आली तर थांबा. नीट आली तर पाठवा.

मी विहिरींची नोंद करत फिरायचे तेव्हा जुन्या टोपोशीटवर, म्हणजे सरकारी सर्वेक्षणाच्या छापील नकाशावर, जीपीएसचे बिंदू टाकले होते. दोन्हींचा पाया, म्हणजे पृथ्वीचा आकार धरून जागा मोजायची पद्धत, वेगळा होता, नकाशाचा एव्हरेस्ट आणि जीपीएसचा डब्ल्यूजीएस-८४, आणि तो जुळवायचा मी विसरले. नकाशावर एक विहीर ओढ्याच्या पलीकडे गेली. ऑफिसात कोणाच्या लक्षात आलं नाही. गावात नकाशा उंबऱ्यावर पसरला तेव्हा घरातल्या आजी म्हणाल्या, "बाई, ही हीर आमच्या अंगणातली, वढा वलांडून कशाला गेली?" मग त्यांनीच बसून सांगितलं, कोणती विहीर संक्रांतीला आटते, कोणती होळीपर्यंत धरते, कोणतीचं पाणी डाळ शिजू देत नाही. माझ्या तक्त्यात त्यासाठी रकानेच नव्हते. त्या रात्री ते आखले आणि पुढच्या सगळ्या गावांत तेच प्रश्न विचारले.

मुलीला घोट्यापर्यंतचे चांगले बूट घेऊन द्या, आणि एक जाड वही.