पहिला भाग टाकण्याआधी

अगं, नोकरी सांभाळून घरच्या गमतींच्या वेबकॉमिकचा दर आठवड्याला एक भाग टाकायचा म्हणतेस ना, मग आधी चार तयार ठेव. मी ठेवले नव्हते. मुलाला कांजिण्या झाल्या आणि तीन आठवडे काम ठप्प.

चित्रं काढायच्या टॅब्लेटसाठी थांबू नकोस, कागद-पेन्सिल चालते. पुढे क्रिता हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर वापर, फुकट आहे. वेबटून या कॉमिक्सच्या साइटवर उभ्या पट्टीची रुंदी ८०० पिक्सेल लागते. मी दुपटीवर काढते नि शेवटी लहान करते. आणि संवादांचे फुगे आधी, चित्र नंतर! देवनागरीत वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार. इंग्रजी कॉमिक्ससारख्या ओळी चिकटवल्यास की 'कुठे'चा उकार खालच्या 'मी'च्या वेलांटीत घुसलाच म्हणून समज. बालू हा मोफत फॉन्ट घे, जाडसर आहे, फोनवर नीट वाचता येतो.

घरच्यांचं म्हणशील, तर विचारून काढ. सासूबाईंचं लोणचं घालणं मी दोन भागांत काढलं, त्यांना आधी दाखवलं. चष्मा लावून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "बरणीला दादरा कुठाय?" तोंडावरचं ते फडकं चित्रात बांधलं लगेच! लेक आता दहा वर्षांचा आहे. त्याची अट एकच, शाळेतलं काही काढायचं नाही. मोह होतो, खोटं कशाला बोलू, पण नाही काढत.

रविवारी पेन बंद. पूर्वी क्रोशा विणायचे, पण दुखायचं तेच मनगट. आता कुंड्यांची माती उकरते, आणि अडलेले संवाद नेमके तेव्हाच सुचतात. हात चिखलाचे, लिहायला कोणी नाही. मग लेकाला हाक मारते.