ह्याला हॉस्टेलला टाकू का?

"मॅडम, ह्याला हॉस्टेलला टाकलं तर आमचं घर शांत होईल का?" आई खुर्चीत नीट टेकलीसुद्धा नव्हती. 'हा' म्हणजे शेजारी बसलेला सातवीतला धाकटा. तो दप्तराच्या चेनची दोरी उसवत होता. बाबा दाराजवळ उभे, आजी भिंतीला टेकून. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

तक्रारींची यादी मोठी होती. थोरल्याचं दहावीचं वर्ष, आणि ह्याच्या दंग्यानं त्याचा अभ्यास होत नाही. बाबांचं बीपी ह्याच्यामुळे वाढलं. सासू-सुनेचं वाजतं तेही ह्याच्यापायी. मग बाबा सहज बोलावं तसं बोलून गेले, "हा जन्मला त्याच वर्षी मला भागीदारानं बुडवलं."

मोठ्यांना बाहेर बसवून मी त्याला विचारलं, घरी तुला काय काय म्हणतात? त्यानं बोटं मोजली. "पनवती. शनी. कार्टं. आजी चिडली की साडेसाती." जरा थांबून म्हणाला, "पण साडेसाती साडेसात वर्षांत संपते ना? मला तर तेरावं लागलं."

मी हसले, आणि लगेच हसल्याचं वाईट वाटलं.

पोर काही साधू नव्हतं. शेजाऱ्यांच्या स्कूटरचा आरसा त्यानं फोडला होता, थोरल्याच्या वहीवर शाई ओतली होती. ते त्याचंच, आणि त्याची भरपाईही त्यानंच करायची, हे मी त्याला तिथेच सांगितलं. पण भागीदारानं बुडवलं ते त्याच्या खात्यावर कसं?

आईला मी शंभर पानी वही आणायला सांगितली. तीन रकाने आखायचे: काय बिघडलं, खापर कोणावर फुटलं, आणि त्याआधी तासाभरात घरात कशावरून बोलणं झालं. दोन आठवडे लिहायचं. मध्ये दिवाळीची सुट्टी होती आणि धाकटा चार दिवस मामाकडे जाणार होता. मला तेच हवं होतं.

वही आली. दूध उतू गेलं – धाकटा. पंप बंद पडला – धाकटा. मग ते मामाकडचे चार दिवस. चटणी जाडीभरडी राहिली – मिक्सर, पुढे आईनं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, "हे म्हणाले, मिक्सरच पनवती, आणल्यापासून घरात पैसा टिकत नाही." दुकान उघडायला उशीर झाला – मांजर आडवं गेलं. डोकं दुखलं – कोणाची तरी नजर. पोरगं घरात नव्हतं, तरी खापर फुटायचं थांबलं नव्हतं.

तिसरा रकाना मी त्यांनाच मोठ्यानं वाचायला लावला. हप्ता. हप्ता. बँकेचा फोन. पाटल्या. "पाटल्या" वाचताना आईचा आवाज चिरकला. तिच्या पाटल्या बाबांनी दुकानासाठी गहाण टाकल्या होत्या, तिला न विचारता. तिला ते कळलं होतं. तिला कळलंय हे त्यांनाही माहीत होतं. वर्षभर त्यावर कोणी चकार शब्द काढला नव्हता. विषय जवळ आला की धाकट्याचं काहीतरी निघायचं. आजी भिंतीपाशी पुटपुटली, "करून गेला गाव, नि नाव कांदळकराचं." म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं.

एझ्रा व्होगेल आणि नॉर्मन बेल या अमेरिकी अभ्यासकांनी 1960 मध्ये हेच मांडलं होतं: आईवडिलांमधला ताण उघड बोलला जात नाही तेव्हा तो एका मुलावर उतरतो, आणि मूलही हळूहळू तसंच वागू लागतं. दुष्टपणानं कोणी करत नाही. त्या तेवढ्या वेळापुरतं घर टिकतं, म्हणून होतं.

आपण अशाला 'बळीचा बकरा' म्हणतो. बायबलच्या जुन्या करारात, लेवीयच्या 16 व्या अध्यायात, बकरे दोन आहेत. चिठ्ठ्या टाकून एकाचा बळी देतात. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून याजक सगळ्या लोकांची पापं बोलून दाखवतो आणि त्याला जिवंतच रानात सोडतात. विल्यम टिंडेलनं 1530 च्या भाषांतरात 'स्केपगोट' हा शब्द घडवला तो या दुसऱ्यासाठी. कापला जातो तो वेगळा. दोष घेऊन जातो त्याला गावाबाहेर घालवतात. "हॉस्टेलला टाकू का" हे ऐकलं की मला तो दुसरा आठवतो.

तर या प्रश्नाला माझं उत्तर असं. मुलालाच जायचं असेल किंवा तिथली शाळा खरंच चांगली असेल, तर जरूर पाठवा. घर शांत व्हावं म्हणून पाठवू नका. तो गेल्यावर पाळी थोरल्याची येते, नाहीतर मिक्सरची. आधी पंधरा दिवस वही लिहा. मूल गप्पगप्प राहू लागलं, स्वतःला इजा करू लागलं, तर मात्र वहीत वेळ घालवू नका, थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

या घरात पुढच्या चार भेटी फक्त आईबाबांच्या झाल्या. पहिलीत दोघं जेमतेम दहा वाक्यं बोलले. टोपणनावं बंद करायची, हाक फक्त नावानं मारायची, एवढं ठरलं. बाबांच्या तोंडून अजून "शनी" निघतं. मग ते थांबतात आणि नाव घेतात.

जूनमध्ये आईचा फोन आला. हॉस्टेलचा भरलेला फॉर्म कपाटात आहे, फाडलेला नाही. स्कूटरच्या आरशाचे दीडशे रुपये धाकट्यानं तीन हप्त्यांत फेडले. बाबांचे हप्ते चालू आहेत.