नोट-बाँड स्प्रेड : कर्व्ह स्टीप झाला, तरी तोटा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : अमेरिकेच्या १० वर्षांच्या ट्रेझरी नोटचा (सरकारी कर्जरोख्याचा) एक फ्यूचर (पुढच्या तारखेच्या व्यवहाराचा करार) घेतला, ३० वर्षांच्या बाँडचा एक विकला, यील्ड कर्व्ह (मुदतीनुसार रोख्यांच्या परताव्याची रेषा) हवा तसा स्टीप झाला, म्हणजे ३० वर्षांचं यील्ड १० वर्षांच्या तुलनेत वर गेलं, आणि तरीही पैसे गेले. चुकलं कुठे?

लॉटच्या, म्हणजे करारांच्या संख्येच्या, गुणोत्तरात. एकास एक घेतलं की तो स्प्रेड (दोन्हींतल्या फरकावरचा सौदा) राहतच नाही. तो बाँडमधला सरळ शॉर्ट (भाव पडेल या आशेने केलेली विक्री) असतो, नोटने जेमतेम अर्धा झाकलेला. दोन्ही करारांचं दर्शनी मूल्य १ लाख डॉलरच, पण यील्ड एका बेसिस पॉइंटने (०.०१ टक्क्याने) हललं की नोट (झेडएन) साठ-सत्तर डॉलरच्या घरात हलते आणि बाँड (झेडबी) साधारण त्याच्या दुप्पट. हाच डीव्ही०१.

समजा झेडएनचा डीव्ही०१ ६४ डॉलर आहे आणि झेडबीचा १३४. नोटचं यील्ड ८ बेसिस पॉइंट उतरलं, बाँडचं ५; यील्ड उतरलं की भाव चढतो. कर्व्ह ३ बेसिस पॉइंट स्टीप झाला. एकास एकमध्ये नोटवर ५१२ मिळाले, बाँडवर ६७० गेले : १५८ डॉलर तोटा. आता १३४ भागिले ६४, म्हणजे सुमारे २.१. दहा बाँड विकून एकवीस नोटा घेतल्या असत्या तर १०,७५२ वजा ६,७००, म्हणजे ४,०५२ डॉलर नफा. खातं लहान असेल तर दोनास एक चालेल, पण थोडी दिशा त्यात उरते हे धरून चाला.

डीव्ही०१ कधीही पाठ करून ठेवू नका. हे करार जिथे चालतात त्या सीएमई एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर ट्रेझरी ॲनालिटिक्समध्ये रोज बघायला मिळतो. बाजार मोठा हलला किंवा डिलिव्हरीला सर्वांत स्वस्त पडणारा रोखा (विकणाऱ्याला करारापोटी जे रोखे देता येतात त्यांतला) बदलला की गुणोत्तरही बदलतं.

या स्वस्त रोख्याकडे लोकांचं हमखास दुर्लक्ष होतं. कराराचं मानीव कूपन (गृहीत धरलेला व्याजदर) ६ टक्के असल्यामुळे, यील्ड त्याखाली असताना सहसा कमी ड्युरेशनचा (यील्ड हललं की भाव कमी हलणारा) रोखा स्वस्त ठरतो. त्यामुळे झेडएन प्रत्यक्षात साडेसहा-सात वर्षांच्या नोटमागे चालतं आणि झेडबी पंधरा वर्षांच्या जरा पुढच्या बाँडमागे. टीव्हीवर दिसणारा १०-३० चा फरक वाढला म्हणून तुमचा स्प्रेड तेवढाच हलेल असं नाही. नेमका तोच फरक पकडायचा असेल तर अल्ट्रा १० आणि अल्ट्रा बाँड (याहून लांब मुदतीच्या रोख्यांमागे चालणारे वेगळे करार) बघा, अर्थात गुणोत्तर नव्याने काढून.

भाव वाचतानाही घोटाळा होतो. ११०-१६५ म्हणजे ११० पूर्णांक साडेसोळा बत्तिसांश, ११०.१६५ नव्हे. एक बत्तिसांश ३१.२५ डॉलरचा. झेडबीचा टिक (भावातला सर्वांत लहान बदल) तेवढाच, झेडएनचा त्याच्या निम्मा, १५.६२५. त्यामुळे तक्त्यात टिक मोजू नका, सगळं डॉलरमध्ये आणा.

दोन्ही बाजू वेगवेगळ्या टाकल्या तर एक भरते आणि दुसरी पळते, विशेषतः न्यूयॉर्कच्या सकाळी साडेआठला महागाई किंवा रोजगाराचे आकडे येताना. सीएमईच्या ग्लोबेक्स या इलेक्ट्रॉनिक बाजारात तयार इंटरकमोडिटी स्प्रेड (दोन वेगळ्या करारांचा एकत्र सौदा) मिळतो. दोन्ही बाजू एकदम भरतात, गुणोत्तर मात्र एक्स्चेंजने ठरवलेलं असतं. त्याचा भाव आदल्या दिवसाच्या सेटलमेंटपासूनच्या (दिवसअखेरच्या अधिकृत भावापासूनच्या) निव्वळ बदलात दाखवतात, तेव्हा शून्याच्या आसपासचा किंवा उणे आकडा पाहून दचकू नका. मार्जिनची (सौद्यासाठी ठेवायच्या अनामत रकमेची) सवलत मिळते, पण तेवढ्यासाठी लॉट वाढवायचा मोह टाळा.

करार मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरचे. रोलओव्हर (जुना करार सोडून पुढच्या महिन्याचा घेणं) आदल्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात उरका, कारण करारमहिना सुरू होण्याच्या दोन कामकाजाचे दिवस आधीपासून लाँग (खरेदी करून बसलेल्या) नोटवाल्याच्या गळ्यात डिलिव्हरी पडू शकते. दोन्ही बाजू एकाच दिवशी रोल करा, नाहीतर एक बाजू जून आणि दुसरी सप्टेंबर असा भलताच स्प्रेड हातात राहतो.

आणि हे भारतात बसून करायचा विचार असेल तर थांबा. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (रहिवाशांनी परदेशी पैसे पाठवण्याच्या) योजनेखाली परदेशी एक्स्चेंजच्या मार्जिनसाठी पैसे पाठवायला मनाई आहे.