महिन्याची वर्गणी भरून व्हिडिओ डोअरबेल घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून: पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, तुम्ही दोघं नोकरीला, दुपारी घरात फक्त आई. बेल साधारण ८ हजारांची, पहिले ३० दिवस रेकॉर्डिंग फुकट आणि पुढे महिन्याला १९९ रुपये. तर घ्यावी का?

बेल घ्या. वर्गणी बहुधा नको. का, ते जरा सविस्तर सांगते, कारण मी दोन्ही करून बसले आहे.

आमचं घर सिंहगड रस्त्याला, जुनी चार मजली सोसायटी. वॉचमन आहे, पण दुपारी दोन ते चार तो असून नसल्यासारखा. घरात सासूबाई, वय ७६, गुडघ्यांनी बेजार. बेल वाजली की खुर्चीतून उठून दारापर्यंत यायला त्यांना मिनिटभर लागतं, आणि एवढे कष्ट घेऊन आल्यावर कोण आहे हे न बघताच दार उघडायचं, हा त्यांचा शिरस्ता. दारातल्या त्या गोल भिंगातून बघा म्हटलं, तर म्हणाल्या, "त्यातून सगळेच चोर दिसतात." खरंय ते.

म्हणून बेल घेतली. आता कुरिअरवाला आला की मी ऑफिसमधून बोलते: "दादा, शू रॅकवर ठेवा." गॅसवाला असला तर सासूबाईंना फोन करून सांगते, सावकाश उठा, तो थांबलाय. पाणी शुद्ध करायचं मशीन विकणारे, "सर्व्हे" करणारे, मीटर बघायला आलोय म्हणणारे यांना मीच परस्पर वाटेला लावते. दोन वर्षांत बेलचा जो काही उपयोग झाला, त्यातला नव्वद टक्के हाच आहे. आणि तो फुकट आहे. थेट चित्र बघणं, बोलणं, कोणी आलंय अशी सूचना येणं, यासाठी आमच्या बेलला वर्गणी लागत नाही, बाजारातल्या बहुतेक बेलनाही लागत नाही. पैसे पडतात ते मागचं रेकॉर्डिंग बघण्याचे. घेण्याआधी तुमच्या मॉडेलच्या माहितीत "प्लॅनशिवाय काय चालतं" एवढी एकच ओळ शोधून वाचा, बाकी जाहिरात आहे.

बसवण्यातली गंमत आधी सांगते, कारण दुकानदार ती सांगत नाही. आपल्या घरातली डिंगडाँग बेल थेट २३० व्होल्टवर चालते. बाहेरदेशी घरांत बेलसाठी छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, १६ ते २४ व्होल्टचा, आणि वायरवाल्या बऱ्याचशा व्हिडिओ बेल त्याच हिशेबाने बनवलेल्या असतात. मेव्हण्याने अमेरिकेतून आणलीय म्हणून जुन्या बटणाच्या जागी जोडली, तर ती एकदाच वाजेल. आमचा वायरमन शहाणा, त्याने डबा उलटवून मागचं बारीक अक्षर वाचलं आणि हात जोडले. मग आम्ही बॅटरीवाली घेतली. तिला वायर लागत नाही, पण त्यामुळे घरातली जुनी बेलही वाजत नाही! पहिल्या दिवशी दूधवाल्याच्या पोराने बटण दाबलं, माझा फोन हिंजवडीत वाजला, आणि दारापासून आठ फुटांवर बसलेल्या सासूबाईंना पत्ता नाही. आत सॉकेटमध्ये लावायचा वेगळा घंटेचा डबा मिळतो, तो बेलबरोबर आहे की त्याचे पैसे वेगळे, हे विचारून घ्या. घरात म्हातारं माणूस असेल तर तो हवाच.

आता वर्गणी. गणपतीची निदान वर्षातून एकदा असते, ही बारा वेळा. १९९ च्या हिशेबाने वर्षाचे २,३८८ आणि पाच वर्षांचे जवळजवळ १२ हजार. बेल ८ हजारांची, आणि तिने काय पाहिलं ते आपल्यालाच दाखवायचे १२ हजार. मी पहिलं वर्ष भरली. भरताना वाटतं, दीडशे-दोनशे रुपये काय, दोन कॉफीचे पैसे. पण त्या वर्षात जुनी क्लिप उघडून बघण्याची वेळ किती आली, ते बोटांवर मोजता येईल.

आणि नेमकी हवी होती तेव्हा ती नव्हती, ते असं. माझ्या डेबिट कार्डाची मुदत संपली, नवं कार्ड आलं, जुन्या कार्डावरचा ऑटोपे त्याबरोबर गेला. पैसे कापायच्या २४ तास आधी बँकेने कळवायचं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून आहे आणि तो मेसेज इमानेइतबारे येतो. पण पैसे कापलेच जाणार नाहीयेत, याचा बँकेचा मेसेज कसला येणार? बेलच्या कंपनीची मेल आली होती म्हणे, ती कपड्यांच्या सेलच्या ढिगात पडून होती. तीन आठवड्यांनी दाराबाहेरच्या शू रॅकवरून मुलाचे नवे कोरे बूट गेले. मी ॲप उघडलं. यादी सगळी होती: दुपारी ३:०४ माणूस, ३:१२ माणूस, ३:१३ हालचाल. प्रत्येक ओळीपुढे करड्या रंगाचं छोटं कुलूप. त्यावर बोट ठेवलं की "योजना निवडा". आता पैसे भरले तर उघडेल का? नाही, तेव्हा वर्गणी नव्हती म्हणजे रेकॉर्डिंग झालंच नव्हतं. ३:१२ ला बूट गेले एवढं समजलं. बूट तर गेलेच, वर मुलगा म्हणाला, "आई, मग ही बेल काय नुसती बघते?"

त्यानंतर मेमरी कार्डवाली घेतली. कार्ड बेलमध्ये नाही, घरातल्या त्या घंटेच्या डब्यात बसतं. हिशेब साधा आहे. फुल एचडी चित्र सेकंदाला साधारण २ मेगाबिट वेगाने साठवलं तर मिनिटाला १५ एमबी होतात, म्हणजे वीस सेकंदांची क्लिप ५ एमबीची. आमच्या जिन्यावर वर्दळ पुष्कळ, तरी दिवसाला चाळीसच्या वर क्लिपा होत नाहीत. म्हणजे रोजचे २०० एमबी. ६४ जीबीचं कार्ड भरायला दहा महिने लागतात, मग जुनं आपोआप पुसून नवं येतं. वर्गणीत आम्हाला ३० दिवसांचं मिळायचं. कार्ड मात्र सतत लिहिण्यासाठी बनवलेलं, एन्ड्युरन्स असं लिहिलेलं घ्या. ड्रॉवरमधलं जुन्या फोनचं टाकलं तर वर्षभरात दगा देतं.

मग वर्गणी कोणासाठीच नाही का? आहे ना. माझ्या बहिणीचं सांगलीला रो हाऊस आहे, फाटकातून आत आलं की दार. तिचीही कार्डवालीच बेल होती, पण कार्ड बेलच्याच पोटात. ते लोक लग्नाला कोल्हापूरला गेलेले असताना कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर लावून बेलच उपटून नेली. बेल, कार्ड आणि त्यावरचा चोराचा चेहरा, सगळं एकाच पिशवीतून गेलं. तिथे क्लाउड, म्हणजे वर्गणी भरून कंपनीच्या सर्व्हरवर होणारं रेकॉर्डिंग, असता तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलेला माणूस सर्व्हरवर पोचलेला असता. तेव्हा तळमजला, बंगला, रो हाऊस, दिवसचे दिवस बंद असणारं घर, परदेशातल्या मुलांनी गावाकडच्या आईवडिलांसाठी बसवलेली बेल, अशा ठिकाणी मी वर्गणी भरा म्हणेन, आणि महिन्याची नाही, वर्षाची भरा, म्हणजे डेबिट कार्डाचा घोळ कमी होतो. तिसऱ्या मजल्यावर, घरात दिवसभर माणूस असताना, बेल उपटून नेण्याची भीती फारच कमी.

ओघात आलं म्हणून: क्लिप पोलिसांना द्यायची वेळ आलीच तर मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप दाबली जाते, चेहरा पुसट होतो. आणि प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, पूर्वी ते ६५-ब म्हणून ओळखलं जायचं. सोसायटीच्या ग्रुपवर चोराचा फोटो फिरवणं हा त्याला पर्याय नाही.

वर्गणीबद्दल माझी खरी तक्रार रकमेची नाहीच. आज १९९ आहे, उद्या किती हे आपल्या हातात नसतं. अमेरिकेत रिंग कंपनीची सगळ्यात स्वस्त योजना महिन्याला ३ डॉलर होती. ती २०२२ मध्ये ३.९९ झाली आणि २०२४ मध्ये ४.९९. बेल तीच, दारही तेच. आर्लो कंपनीने जुने कॅमेरे विकताना सात दिवसांचं साठवण फुकट म्हणून सांगितलं होतं. २०२३ च्या सुरुवातीला ते बंद करायचं ठरवलं, ग्राहक खवळले तेव्हा माघार घेतली. भिंतीला भोकं पाडून बेल बसवली की आपण काढत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

आणि तुमच्या दारातलं चित्र दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जातं म्हणजे ते दुसऱ्याला दिसू शकतं. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने रिंगवर ठपका ठेवला की कंपनीच्या कर्मचाऱ्यांना ग्राहकांचे खासगी व्हिडिओ बघता येत होते. कंपनीने ५८ लाख डॉलर भरून ते मिटवलं. प्रत्येक कंपनी तशीच असते असं नाही, पण माझ्या सासूबाई गाऊनवर दूध घ्यायला दारात येतात, म्हणून मला ते कार्ड घरातच बरं वाटतं.

समोरच्या घराचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. आपल्याकडे दारं समोरासमोर. आमच्या बेलला पहिल्या दिवशी समोरच्या काकूंचा अख्खा हॉल दिसत होता, टीव्हीवर कोणती मालिका चाललीय ते सुद्धा. मी त्यांना बोलावून फोनवर दाखवलं आणि त्यांच्या देखतच ॲपमध्ये तेवढ्या भागावर काळा चौकोन टाकला. बेल थोडी तिरकी बसवायला पाचर मिळते, तीही लावली. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या कोर्टात २०२१ साली शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यांवरून खटला झाला, निकाल बेलवाल्याच्या विरोधात गेला, आणि न्यायाधीशांना चित्रापेक्षा लांबवरचं बोलणं टिपणारा माइक जास्त खटकला. आपल्याकडे घरगुती वापराला २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातून सूट आहे, पण काकूंच्या रागाला सूट नसते. मी आवाजाचं रेकॉर्डिंग बंदच ठेवलंय.

शेवटचं वायफायचं. बेल लोखंडी सेफ्टी डोअरच्या पलीकडे, राउटर बेडरूममध्ये, मध्ये दोन काँक्रीटच्या भिंती, मग चित्र अडकतं आणि दोष बेलला. या बेल बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, जोडताना तेच नाव निवडा, आणि राउटर हॉलमध्ये आणा. गुरुवारी लाईट गेली की राउटर जातो आणि बेल आंधळी होते, बॅटरी भरलेली असली तरी. राउटरला लावायचा छोटा यूपीएस घ्या. हा खर्च वर्गणीच्या आधी करा.

तुमच्या ३० फुकट दिवसांत एक करा. फ्रिजवर कागद चिकटवा आणि जुनी क्लिप मुद्दाम उघडून बघितली की त्यावर एक रेघ मारा, नुसती सूचना बघितली तर नाही. आमच्या कागदावर महिन्याअखेर दोन रेघा होत्या. एक पार्सल कोणी घेतलं ते बघायला, आणि दुसरी वरच्या मजल्यावरचं मांजर रात्री दोनला बटणापर्यंत उडी कशी मारतं, ते मुलाला बघायचं होतं म्हणून.