पुण्यात बाळाचा कॅथलिक बाप्तिस्मा आणि घरच्यांचं जेवण: तयारी कुठून सुरू करायची?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही कॅथलिक, नवरा हिंदू, बाळ तीन महिन्यांचं, सासर-माहेर मिळून 50 माणसं आणि सासरच्यांनी बाप्तिस्मा कधी पाहिलेला नाही. हॉल बघायला सुरुवातही केलीये. माझं पहिलं सांगणं: हॉलचा ॲडव्हान्स अजून देऊ नका. आधी तुमच्या पॅरिशच्या, म्हणजे तुम्ही राहता त्या भागाच्या चर्चच्या, ऑफिसात जा. तारीख चर्च देतं, तुम्ही त्या तारखेला हॉल शोधायचा. उलटं केलं की शेवटच्या आठवड्यात धावपळ होते, आणि सगळ्यात जास्त कापला जातो तो नेमका चर्चमधला भाग.

जाताना बाळाचा महापालिकेचा जन्मदाखला, तुमचा स्वतःचा बाप्तिस्म्याचा दाखला आणि लग्नाचा दाखला न्या. लग्न फक्त रजिस्टर झालं असेल तर तेही फादरना मोकळेपणी सांगा. बाप्तिस्म्यासाठी आईवडिलांपैकी एकाची संमती पुरते, पण मूल श्रद्धेत वाढेल अशी खात्री फादरना वाटायला हवी. त्यामुळे ते दोघांशी बोलतील आणि पालक व गॉडपेरेंट्ससाठी (बाळाचे धर्मपिता-धर्ममाता) एक क्लासही ठेवतील. माहेरच्या चर्चमध्ये करायचं असेल तर आपल्या पॅरिशकडून परवानगीचं पत्र लागतं. ते आठवडाभर आधी मागायला जाऊ नका.

गॉडफादर-गॉडमदरच्या बाबतीत घरोघरी रुसवेफुगवे होतात, म्हणून नियम आधीच सगळ्यांना सांगून टाका. एक पुरुष, एक स्त्री, किंवा दोघांपैकी एकच. दोन मावश्या चालत नाहीत. वय 16 पूर्ण, कॅथलिक, दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेलं, आणि आईवडील स्वतः नाहीत. दुसऱ्या पंथाचा बाप्तिस्मा झालेली व्यक्ती कॅथलिक गॉडपेरेंटच्या जोडीला साक्षीदार म्हणून उभी राहू शकते. हिंदू आत्याला यातलं काहीच होता येत नाही. पण आपल्याकडे नाव ठेवायचा मान आत्याचा, तेव्हा तिला बाजूला बसवू नका. बाळाला शेवटी पांघरायची पांढरी शाल तिच्याकडून घ्या. आणि बारसं करायचंच असेल तर वेगळ्या संध्याकाळी घरी करा, म्हणजे पाळणा, घुगऱ्या, कानात नाव सगळं निवांत होतं. दोन्ही एकाच दिवशी कोंबलं की बाळही रडतं आणि मोठेही दमतात.

तारीख ठरवताना दोन कॅलेंडरं शेजारी ठेवा. राखेचा बुधवार ते ईस्टर या उपवासकाळात बऱ्याच पॅरिश बाप्तिस्मे ठेवत नाहीत. सासरी श्रावण, पितृपक्ष, रविवारी येणारी संकष्टी बघा, नाहीतर मटणाची पातेली तशीच उरतील. चर्च नाना पेठेत, क्वार्टर गेटच्या बाजूला असेल तर पुण्यात पालख्यांच्या मुक्कामाचे दिवस आणि अनंत चतुर्दशी टाळाच. तुकोबांची पालखी नाना पेठेतच, निवडुंग्या विठोबाला उतरते आणि ज्ञानोबांची शेजारी भवानी पेठेत. रस्ते बंद असतात. (तिथलं सिटी चर्च 1792 चं, जागा सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेली. सासऱ्यांना हे जरूर सांगा, पुणेकराला चर्च एकदम आपलं वाटायला लागतं.)

विधी मराठीत होईल का, हे ऑफिसात लगेच विचारा. तुमच्या घरासाठी हे जेवणाच्या मेनूपेक्षा महत्त्वाचं आहे असं मी मानतो. आजी-आजोबांना शब्द कळले तर ते सोहळ्यात असतात, नाही कळले तर पाहुणे होऊन बसतात. मिस्सेशिवाय (मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना) नुसता विधी अर्धा-पाऊण तासाचा, मिस्सेसकट सव्वा तासाच्या आसपास. तीन महिन्यांचं बाळ एका दमात जेमतेम दीड तास जागं राहतं, म्हणून शक्य असेल तर नुसता विधी मागा. मिस्सा असेलच, तर ख्रिस्तशरीर (पवित्र भाकरीचा प्रसाद) वाटताना हिंदू मंडळींनी जागेवर बसून राहायचं, रांगेत जायचं नाही, एवढं आधी सांगून ठेवा.

विधीत काय घडतं ते माहीत असेल तर गडबडायला होत नाही. दाराशी फादर विचारतात, बाळाचं नाव काय ठेवलंय आणि चर्चकडे काय मागता. मग कपाळावर क्रुसाची खूण: आधी फादर, मग आईवडील, मग गॉडपेरेंट्स. बायबलचं वाचन आणि संतांची लिटनी (संतांची नावं घेत केलेली प्रार्थना) झाली की छातीला तेल. त्यानंतर पापाचा त्याग आणि श्रद्धेची कबुली ही प्रश्नोत्तरं येतात. इथे हिंदू बापाने शांत उभं राहिलं तरी चालतं, त्याच्या तोंडी न मानणारे शब्द घालायची चर्चची अपेक्षा नाही. हे नवऱ्याला आधी सांगा, त्याच्या मनावरचं ओझं उतरेल. मग डोक्यावर तीनदा पाणी, टाळूला क्रिस्मा (पवित्र तेल), पांढरं वस्त्र, पास्काच्या म्हणजे ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली मेणबत्ती, प्रभूची प्रार्थना आणि आशीर्वाद. बाळाला इस्पितळात तातडीचा बाप्तिस्मा दिला गेला असेल तर फादरना सांगा: पाणी पुन्हा घालत नाहीत, राहिलेले विधी तेवढे होतात.

आता बाळाकडे. बाळाला आडवं, तोंड वर, मान तुमच्या डाव्या कोपराच्या खाचेत आणि डोकं कोपराच्या थोडं बाहेर, बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या कुंडावर येईल असं धरा. डोकं अंगापेक्षा किंचित खाली हवं, म्हणजे पाणी मागे ओघळतं. बाळ उभं धरलं की पाणी डोळ्यांत आणि गळ्यात उतरतं, अन् रडं तिथे सुरू होतं. डिसेंबर-जानेवारीतली सकाळ असेल तर पाणी कोमट करून ठेवायला आदल्या दिवशी सांगा. गाउन पुढून उघडणारा किंवा सैल गळ्याचा घ्या, छातीला तेल लावायचं असतं. मागे बंद, घट्ट गळ्याच्या गाउनमध्ये बोट जात नाही. नवी लेस मानेला टोचते, म्हणून आधी दोनदा धुवा आणि आत सुती झबलं घाला. क्रिस्मा ऑलिव्ह तेलाचा असतो, सॅटिनवर डाग राहतो, खांद्यावर मऊ सुती फडकं ठेवा. टाळूवरचं तेल लगेच पुसू नका. मेणबत्ती गॉडफादरने गाउनच्या जाळीपासून हातभर लांब धरावी, नायलॉनची जाळी झटकन पेटते. घरून निघण्याआधी अर्धा तास बाळाला दूध पाजा. फोटोग्राफर एकच, फ्लॅश बंद, आणि कुंडाच्या पुढ्यात उभं राहायचं नाही.

साडेदहाचा विधी धरला तर सव्वाबारापर्यंत सगळे हॉलवर. प्रार्थना, केक, गॉडफादरचे दोन शब्द आणि टोस्ट, पाऊण वाजता पानं. 50 पैकी 15 शाकाहारी धरा. उरलेल्या 35 जणांना चिकन बिर्याणी म्हणजे साडेचार किलो तांदूळ आणि सात किलो चिकन. माहेरी सोरपोतेल (पोर्कचं व्हिनेगर घातलेलं कालवण) हवंच असेल तर साडेतीन किलो पोर्क पुरतं, पण ते दोन-तीन दिवस आधी करा आणि रोज एकदा उकळी आणा. त्याच दिवशी केलेल्याला व्हिनेगरचा कच्चा वास येतो. शाकाहारी जेवण, मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, जिलबी, वेगळ्या टेबलावर, वेगळ्या डावांसकट आणि नावाची पाटी लावून. सासूबाईंना ‘यात काय आहे’ असं विचारायला लागू नये. केक तीन किलो पुरतो. त्यातला एक किलो बिनअंड्याचा वेगळा सांगा, कॅम्पातल्या बेकरीत चार दिवस आधी.

शेवटचं काम बऱ्याच जणांकडून राहून जातं. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये बाळाचं, तुमचं आणि गॉडपेरेंट्सचं नाव जन्मदाखल्यातल्या स्पेलिंगप्रमाणेच लिहिलंय का, हे फादर सही करायच्या आधी वाचून बघा. पहिल्यांदा ख्रिस्तशरीर घेताना, दृढीकरणाला आणि लग्नाला याच रजिस्टरवरून मिळणारा बाप्तिस्म्याचा दाखला लागतो, आणि वीस वर्षांनी एक अक्षर बदलायचं तर त्याच पॅरिशला अर्ज करावा लागतो. दाखला त्याच आठवड्यात आणा, स्कॅन करून ठेवा आणि मागे पॅरिशचं नाव, तारीख, रजिस्टरमधला क्रमांक पेन्सिलीने लिहा.