जुनी म्हणून विकली जाणारी योरुबा ‘इबेजी’ मूर्ती खरी कशी ओळखावी आणि शिल्प म्हणून कशी पाहावी?

ऑनलाइन लिलावात पंचवीसेक सेंटिमीटर उंचीची, ‘जुनी, वापरातली’ असं लिहिलेली इबेजी तुम्ही पाहिली आहे. ती खरी कशी ओळखायची आणि नुसती शोभेची वस्तू न मानता शिल्प म्हणून तिच्याकडे कसं पाहायचं, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. दोन्हींचं उत्तर मला एकाच गोष्टीत दिसतं: मूर्ती कुठे झिजली आहे आणि कुठे झिजलेली नाही.

नैऋत्य नायजेरिया आणि बेनिनमधल्या योरुबा लोकांत जुळ्यांचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे. जुळ्यांतलं एक मूल गेलं की इफा या कौल लावण्याच्या योरुबा परंपरेचा जाणकार पुरोहित कौल घेऊन सांगे आणि घरचे लोक मूर्तिकाराकडून त्या मुलाची लाकडी मूर्ती करून घेत; तीच इबेजी. पुढे आई तिचं सगळं मुलासारखंच करी. अंघोळ घालायची, तेल आणि कॅमवूड या आफ्रिकी झाडाच्या लाकडाची लाल भुकटी (ओसुन) चोळायची, ओठांना अन्न लावायचं, रात्री आडवं निजवायचं. केसांना निळा रंग देत. आधी वनस्पतीची नीळ, नंतर पांढऱ्या कपड्यांना देतात ती बाजारातली नीळ. आपल्याकडे देवघरातल्या जुन्या टाकांचे नाकडोळे घासून सपाट होतात, तसंच इथे होतं. म्हणजे या शिल्पाचा पृष्ठभाग अर्धा मूर्तिकाराने घडवला आणि अर्धा आईच्या हातांनी.

म्हणून दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, नाहीतर विक्रेत्याकडून कडेने उजेड पाडून काढलेले फोटो मागवा. खऱ्या वापरात नाक, ओठ, गाल, कपाळ झिजतं. केशरचनेच्या मागच्या खाचा, काखेची आतली बाजू, दोन पायांमधली फट इथे बोटं पोचत नाहीत; तिथे वाकसाचे आणि सुरीचे घाव अजून धारदार असायला हवेत. चेहरा गुळगुळीत आणि काखही तेवढीच गुळगुळीत असेल, तर ते पॉलिश पेपरचं काम समजा. भिंगाखाली एकाच दिशेने गेलेले समांतर ओरखडेही दिसतील. उलट चेहरा ठळक आहे म्हणून मूर्ती लगेच खोटी ठरवू नका. सगळ्या गावांत सारखं घासत नसत आणि काही मूर्तींचा वापर थोडीच वर्षं झाला.

ओसुन जुनं असेल तर खाचांत घट्ट, थराथराने बसलेलं असतं. नकली मूर्तीवर ते सैल भुकटीसारखं असतं आणि तळाच्या कोपऱ्यावर ओला कापूस टेकवला की लगेच लाल उतरतं. बूट पॉलिशने काळपट केलेल्या लाकडाला वास येतो, आणि ऊब मिळाली की ते चिकट लागतं. कमरेचे मणी हलक्या हाताने सरकवून बघा: वर्षानुवर्षं तिथेच असले तर खालचं लाकूड वेगळ्या रंगाचं असतं, दोऱ्याच्या रेषेत किंचित खळगाही पडलेला असतो. तडा गेला असेल तर आत मळ साचलेला हवा. तड्याच्या आतपर्यंत एकसारखा रंग उतरला असेल, तर रंग तड्यानंतर लावला आहे.

आता शिल्प म्हणून. मूर्ती डोळ्यांच्या पातळीवर ठेवा, उजेड एका बाजूने वरून पडू द्या आणि आधी बाजूने पाहा. डोकं एकूण उंचीच्या पाव ते एक तृतीयांश असतं, कारण योरुबा विचारात माणसाचं प्राक्तन डोक्यात, म्हणजे ‘ओरी’त वसतं. गेलं ते तान्हं मूल, पण मूर्ती मात्र भर तारुण्यातल्या स्त्रीची किंवा पुरुषाची. रॉबर्ट फॅरिस टॉम्पसन या कला-इतिहासकाराने योरुबा लोकांनाच विचारून त्यांचे निकष नोंदवले. त्यांत हे तारुण्य आहे, ताठ आणि समतोल उभं राहणं आहे, प्रत्येक अवयव स्पष्ट ओळखू येणं आहे, आणि साम्य असावं पण हुबेहूब नक्कल नसावी हेही आहे. या निकषांवर एक मूर्ती तपासायला घेतलीत, की दुकानी माल आणि चांगलं काम यांतला फरक स्वतःच दिसू लागतो. दुकानी मालात खांदे आणि दंड यांचा सांधा बहुधा ढिला असतो, पाय नुसते खुंट असतात.

मूर्तिकाराची सही सहसा नसते. त्याचा हात कानांत ओळखू येतो. कानाची वाटी कशी कोरली आहे, पापणीची कड कशी आहे, तळाची बैठक गोल की चौकोनी, हे जुळवा. ‘जोडी’ म्हणून जास्त दाम मागितला जातो तेव्हा तर हे जुळवायलाच हवं, कारण दोन वेगळ्या गावांच्या मूर्तींना सारखे मणी घालून जोडी बनवता येते. गालांवरचे व्रण आणि केशरचना यांवरून प्रदेश ठरवतात. छातीवर कोरलेला त्रिकोणी ताईत दिसला तर ती मुस्लिम प्रभावाची खूण.

कागदपत्रांशिवाय मी पैसे देणार नाही. नायजेरियाच्या 1979च्या कायद्यानुसार पुरावस्तू देशाबाहेर न्यायला राष्ट्रीय संग्रहालय आयोगाची परवानगी लागते. नायजेरियातलं बियाफ्राचं यादवी युद्ध (1967-70) आणि नंतरच्या काळात इबेजी मोठ्या संख्येने युरोप-अमेरिकेत गेल्या. त्यामुळे जुनी पावती, लिलावाची चिठ्ठी, संग्रहातला फोटो मिळणं अशक्य नाही. नोक या नायजेरियातल्या प्राचीन संस्कृतीची किंवा इफे या जुन्या योरुबा शहरातली मातीची शिल्पं मात्र कुणी देऊ केली तर सरळ नाही म्हणा. ती उकरून पळवल्या जाणाऱ्या वस्तूंच्या ‘आयकॉम’ या आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या लाल यादीत आहेत.

घरी आणल्यावर धुऊ नका, तेल लावू नका. जवसाचं तेल वाळून चिकट काळा थर बसतो, तो नंतर निघत नाही आणि ओसुन कायमचं झाकलं जातं. धूळ मऊ कोरड्या ब्रशने, खाचा टाळून. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात एसी दिवसभर बंद आणि रात्री चालू अशा खोलीत ठेवली तर तडे वाढतात. खालच्या कागदावर ताजा भुगा पडला तर कीड जिवंत आहे: मूर्ती पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद करा, उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर 24 तास पिशवी उघडू नका, नाहीतर थंड लाकडावर पाणी धरतं. पृष्ठभागावर जाड थर किंवा रंग असेल तर हे करण्याआधी संवर्धकाला विचारा. मण्यांचा दोरा जीर्ण वाटला तरी बदलू नका. तुटलाच, तर आधी क्रमाचा फोटो काढा आणि तुटका दोराही मूर्तीबरोबरच जपून ठेवा.