आधी क्रियापद बघ

चि. पोरी,

तू लिहिलेलं नाटकाचं परीक्षण वाचलं. संपादक म्हणतात फार भावनिक झालंय, मैत्रीण म्हणते कोरडं झालंय, आणि खरं कोणाचं म्हणून तू गोंधळलीस. दोघांचंही खरं आहे, कारण दोघांना एकच शब्द टोचलाय. साडेसहाशे शब्दांत 'वाटणे' 19 वेळा! नायिकेसाठी भीती वाटली, दुसरा अंक संथ वाटला, लेखकाने शेवट घाईत उरकला असंही वाटलं. पहिली भावना, दुसरा ठसा, तिसरा तर्क. तिघांना एकाच टोपलीत कोंबल्यावर वाचणाऱ्याने काय निवडायचं?

शब्दसंग्रह वाढव असं कोणी सांगितलं असेल तर सोडून दे. नामं तुझ्याकडे भरपूर आहेत. मराठीत भावना कळते ती नामामागून येणाऱ्या क्रियापदावरून. आधी क्रियापद बघ.

राग घे. 'मला राग आला' या वाक्यात आला तो राग. बोलणारी बाई असो की पुरुष, 'आला' बदलत नाही. 'चीड' म्हटलंस की मात्र 'आली'. क्रियापद भावनेच्या लिंगावर चालतं, भोगणाऱ्याच्या नाही. माणूस बिचारा 'मला' होऊन बाजूला उभा. 'मी रागावले' म्हटलंस की तू कर्ती झालीस. 'राग धरला' म्हणजे आलेला राग जाऊ दिला नाही. 'राग काढला' म्हणजे तो कोणावर तरी ओतला, बहुधा भलत्यावरच. तुझ्या लेखात नायक तीनदा 'रागात होता'. म्हणजे काय? त्याला राग आला होता, की तो धरून बसला होता? दुसरा अंक तुला संथ वाटला तो इथेच. धरलेला राग रंगमंचावर संथच दिसतो, आणि तो दिग्दर्शकाने मुद्दाम संथ ठेवलाय का, हा परीक्षणाचा खरा प्रश्न होता.

नामावर विसंबून तर मुळीच राहू नकोस. गीतेतल्या 'वीतरागभयक्रोधः' या शब्दात राग आणि क्रोध वेगवेगळे मोजलेत, कारण तिथे राग म्हणजे आसक्ती. मराठीत तोच शब्द संतापाला बसला. भरताच्या नाट्यशास्त्रातले 8 स्थायी, म्हणजे टिकून राहणारे, आणि 33 व्यभिचारी, म्हणजे येऊन-जाऊन असणारे, भाव पाठ करून परीक्षणात पेरणारे पुष्कळ आहेत. त्यांची वाक्यं वाच, सगळी 'आहे'वर संपतात.

आता 'काळजी'. काळजी वाटते, काळजी करतात, काळजी घेतात. आईला काळजी वाटते, ती रात्रभर काळजी करत बसते, आणि सकाळी डॉक्टरांकडे नेऊन काळजी घेते. कसोटी म्हणून आज्ञा करून बघ. 'काळजी करू नकोस' सहज म्हणता येतं. 'काळजी वाटू नकोस' म्हणता येत नाही, 'वाटू देऊ नकोस' म्हणावं लागतं. जिथे 'देऊ' मध्ये घालावं लागतं, तिथे भावना माणसाच्या हातात नाही. पात्राला दोष देण्याआधी एवढं तपासलंस तरी निम्मे अन्याय टळतील.

'मी निराश आहे', 'मी तुला मिस करते' असली वाक्यं तुमच्या पिढीत सर्रास चालतात. 'भारी वाटलं' याबद्दल माझी तक्रार नाही. त्याला निदान क्रियापद तरी आपलं आहे. पण निराशा होते. आस लावून बसल्यावर मोडली, तर हिरमोड होतो. आठवण येते. हुकलेल्या बारीकशा गोष्टीची चुटपुट लागते, मनातून न जाणाऱ्या गोष्टीची रुखरुख लागते. दोन्हींना 'लागणे', कारण दोन्ही चिकटतात. दुसऱ्याच्या नुकसानीने हळहळ वाटते. पश्चात्ताप मात्र स्वतःच्याच कृत्याचा होतो, म्हणून प्रेक्षकाला नाटकाचा पश्चात्ताप होत नाही. तू तसं लिहिलंयस. तिकीट काढल्याचा होऊ शकतो.

मतांकडे ये. 'आवडलं नाही' याला कारण द्यावं लागत नाही. 'पटलं नाही' म्हटलंस की वाचक 'का?' विचारणारच, आणि त्याचा तो हक्क आहे. 'मान्य आहे, पण पटत नाही' हे वाक्य मराठीत धडधाकट उभं राहतं, यावरून दोन्हींतलं अंतर कळेल. 'खटकलं' हे एखाद्या जागेपुरतं असतं. अख्खं नाटक खटकलं म्हणू नकोस. तर्कासाठी तर तयार रूपं आहेत: 'घाईत लिहिलं असेल' ही नुसती शक्यता, 'असावं' म्हणजे खुणा दिसताहेत, 'असणार' म्हणजे जवळजवळ खात्री. ही सोडून 'वाटतं' कशाला? त्यात 'मला वाटलं, नाटक संपलं' म्हटलं की ऐकणारा समजतो, संपलं नव्हतं. भूतकाळातलं हे 'वाटलं' चुकीची कबुली देऊन बसतं. तुझ्या लेखात ते पाचदा आहे.

एवढा कीस कशाला, असं म्हणशील. म्हण. किचकट म्हणवून घ्यायची मला सवय आहे. नेमक्या क्रियापदाने कोरडेपणा येतो हे मात्र मी ऐकून घेणार नाही. कोरडेपणा गुळमुळीतपणाने येतो. मला हे फार उशिरा उमगलं, म्हणून आवाज चढतोय.

तर आता पेन्सिल घे आणि 19 ही 'वाटणे'ना गोल कर. मागे भीती, लाज, कौतुक असं नाम असेल तर राहू दे. विशेषण असेल, तर त्या जागी 'आहे' घालून वाच. संवाद किंवा प्रसंग दाखवून सिद्ध करता येत असेल तर 'आहे'च ठेव, नसेल तर 'वाटलं' प्रामाणिक आहे. 'असं वाटतं' असेल तर असेल-असावं-असणार यांतलं एक निवड. फक्त नम्रतेसाठी घातलेलं खोडून टाक. चार-पाच उरतील. अडलीस तर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश काढ. नामाचा अर्थ वाचून मिटू नकोस, त्याखालचे वाक्प्रचार वाच, क्रियापदं तिथे सापडतात.

शेवटच्या परिच्छेदातल्या हुरहुरीला हात लावू नकोस. फक्त तिच्यापुढचं 'वाटली' काढून 'लागली' कर.